टाकी गळत होती तो मार्च

मार्च लागला की माझे पाय घरात ठरत नाहीत. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून पुन्हा आत. हातात घेतलेलं फडकं कुठेतरी ठेवते आणि तेच शोधत फिरते. मुलाची बारावी चालू आहे. तो टेबलाशी बसून शांतपणे गणितं सोडवतो. परवा मान वर न करता त्याने विचारलं, "आई, परीक्षा नक्की कुणाची आहे?"

मी हसून वेळ मारून नेली. त्याला काय सांगणार? दुपारी गरम वारा सुटतो, खिडकीची कडी उगाच वाजत राहते, कुठून तरी सावरीचा कापूस तरंगत येऊन पुस्तकावर बसतो, आणि माझ्या अंगात ती जुनी चुळबुळ जागी होते. माझ्या बारावीचा मार्च येऊन गेला त्याला किती वर्षं झाली. पण तो अजून पुरता गेलेला नाही. आणि गंमत म्हणजे त्या मार्चमधलं परीक्षेचं मला फारसं काही आठवत नाही. आठवते ती एक काचेची टाकी.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबरनाथ पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा एका केमिकल कंपनीत शिफ्ट ऑफिसर. संध्याकाळी वारा फिरला की त्यांच्या कंपनीचा वास त्यांच्या आधी घरी पोचायचा. आई, बाबा आणि मी, असं तिघांचं घर होतं. त्या वर्षी संक्रांतीला सुलभाताई आली.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली आणि वर्षभरात लग्न होऊन नाशिकला गेली. त्याला तीन वर्षं झाली होती. संक्रांतीला आली ती एक बॅग घेऊन, चार दिवसांसाठी. तिळगूळ संपला, रथसप्तमी झाली, थंडी ओसरली, तरी ती गेली नाही. आई शेजारपाजारी सांगायची, "जावईबापूंना टूरवर जावं लागतंय ना सारखं." बाबा काहीच सांगायचे नाहीत. जेवताना ते ताटाकडे बघायचे.

ताई दिवसभर फिरत राहायची. घरातल्या घरात. भांडी पुसायची, पुसलेली पुन्हा पुसायची, कपाट उघडून बंद करायची. मी इकडे पुस्तक मांडीवर घेऊन तेच पान पुन्हा पुन्हा वाचायची. "सुलभा, बस गं जरा एका जागी," आई म्हणायची. ताई बसायची. पण तिचे हात बसायचे नाहीत. पदराचं टोक गुंडाळायचे, सोडायचे.

एकदा गच्चीवर वाळवण काढताना मी धीर करून विचारलं, "ताई, तिकडे झालं काय?"

"काही नाही झालं गं. तीच तर पंचाईत आहे. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. आईला काय सांगू?"

मग कुरडया डब्यात भरता भरता तिने सांगितलं. भाजी चिरायला घेतली की सासूबाई म्हणायच्या, "ठेव, मी करते." पोळ्या लाटायला बसली की लाटणं हातातून काढून घ्यायच्या, "ठेव, मी करते." रागावून नाही, अगदी गोड बोलून. तिने नवऱ्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. पाठ विणून झाली, बाह्या राहिल्या. एक दिवस माहेरपणाहून परत गेली तर स्वेटर पूर्ण होऊन घडी घालून ठेवलेला. "तीन वर्षांत मी एक गोष्ट सुरू करून संपवलेली नाही," ताई म्हणाली. "मूलही झालं नाही, तेव्हा सासूबाई डॉक्टरीणबाईंसमोरच हसत म्हणाल्या, 'हिला काही पुरं करता येतच नाही हो.'"

"आणि भावोजी?"

"ते चांगले आहेत. ते पेपर वाचत असतात."

महाशिवरात्रीला आमच्याकडे देवळाशी मोठी जत्रा भरते. परीक्षा तोंडावर असल्यामुळे मला जायची परवानगी नव्हती, पण ताईला सोबत म्हणून आईने सोडलं. पाळण्यांचा करकराट, उसाच्या रसाचे घुंगरू, धूळ. तिथे एकाने काचेच्या बरण्यांत रंगीत मासे मांडले होते. ताई तिथे थांबली. मी हात धरून ओढलं तरी हलेना. एका बरणीत काळा मासा होता. काचेपर्यंत यायचा, वळायचा, पुन्हा यायचा.

"बरणी फार लहान आहे त्याला," ती म्हणाली.

"घ्यायचा का?"

"आधी जागा करायला हवी."

घरी येताना ती नेहमीपेक्षा भराभर चालत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या ग्राफबुकमधलं पान फाडून तिने टाकीचं चित्र काढलं.

काच आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो, कॅम्प दोनमध्ये. तिथे काय मिळत नाही? एका गल्लीत फर्निचर, एका गल्लीत जीन्स, आणि प्रत्येक दुकानातून कुणीतरी आत बोलावत असतं. काचवाले शेठ सिंधी होते. पांढरा सदरा, कपाळावर चष्मा, समोर चहा. ताईने ग्राफचं पान पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"अदी, मेरी बहन, बना-बनाया ले जाओ ना. सामने ही मिलता है. क्यूं माथाफोडी?"

"नाही, मला बनवायचीय. मैं खुद बनाऊंगी."

"बच्चे के लिये है?"

मी ताईकडे बघितलं. तीन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी कुणी आणि कसा कसा विचारला असेल. ती म्हणाली, "नाही. मेरे लिये."

शेठ चष्मा खाली ओढून म्हणाले, "तो फिर अच्छा वाला कांच देता हूं," आणि आतल्या माणसाला हाक मारली. त्या माणसाने काचेवर पट्टी ठेवून हिरा फिरवला, बारीक किरकिर झाली, टेबलाच्या कडेवर काच हलकेच दाबली आणि ती सरळ रेषेत सुटली. ताई श्वास रोखून बघत होती. काचा वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही रिक्षातून आणल्या. प्रत्येक खड्ड्याला ती त्यांच्यावर वाकायची.

आता त्याच रस्त्याने जाताना टाक्यांची मोठमोठी दुकानं दिसतात. दिवे, कारंजी, प्लास्टिकची झाडं, सगळं एका खोक्यात. मुलगा लहान असताना हट्ट धरून बसला होता, तेव्हा तयार टाकी घेऊन आम्ही अर्ध्या तासात घरी आलो होतो. महिन्याभरात त्याचा रस संपला. मी त्याला काही म्हटलं नाही. तयार वस्तूशी माणसाचं तेवढंच नातं जुळतं बहुधा.

रेती आणायला मात्र बदलापूरला जावं लागलं, उल्हास नदीवर. मला अभ्यास होता. मी तरीही गेले, घरात बसवत नव्हतं. नदी मार्चातली, पोट आत गेलेली, दगड उघडे पडलेले. आम्ही चाळणीने जाडी रेती निवडत होतो. पलीकडे वाडीवरची एक बाई कपडे आपटत होती. तिने थोडा वेळ बघितलं, मग विचारलं, "काय गो, रेती कनाला?"

"मासे ठेवायचेत घरात. त्यांच्या खाली घालायला."

"खायाला?"

"नाही, बघायला."

तिने धुणं थांबवलं. "नुसतं बघायला? हितं बसलीस तर दिवसभर फुकट दिसतील." मग आमच्या तोंडाकडे बघून तीच हसायला लागली. ताईही हसली. संक्रांतीपासून पहिल्यांदा मी तिला हसताना बघत होते. बाईने जाताना आपल्या पाटीतून दोन गुळगुळीत काळे दगड काढून दिले. "ह्ये घाल. माशांना आडोसा पायजे."

रेती धुणं हे एक कामच झालं. नळाला पाणी सकाळी तासभर यायचं. आई पिंपं भरायची, ताई रेती धुवायची. बादलीत हात घालून ढवळायची, गढूळ पाणी ओतायची, पुन्हा ढवळायची. मोरीतून तो खळखळाट चालू आणि मी आत समीकरणं पाठ करतेय. पाणी नितळ होईपर्यंत तिने रेती सोडली नाही.

मग एका दुपारी जमिनीवर जुनी सतरंजी अंथरून तिने काचा मांडल्या. पॉलिश पेपरने कडा घासल्या. सिलिकॉनची नळी तेव्हा नवीनच निघाली होती. दाबली की पारदर्शक पेस्ट बाहेर यायची आणि कैरी चिरल्यासारखा आंबट वास घरभर पसरायचा. मी काच उभी धरायची, ती सांध्यातून नळी फिरवायची आणि ओल्या बोटाने पेस्ट बसवत जायची. गेले दोन महिने एका जागी न ठरलेली माझी बहीण त्या दुपारभर हलली नाही.

आई दारात येऊन उभी राहिली. "हे वाळायला किती दिवस?"

"आठवडा तरी."

"मग?"

"मग पाणी भरून बघायचं, गळते का ते. मग रेती, झाडं. पाणी मुरू द्यायचं. मग मासे."

आईने मनातल्या मनात हिशोब केला असावा. "आणि तू गेल्यावर हे सगळं कोण बघणार?"

ताईने नळी पुढे सरकवली. काचेचा कोपरा आला होता, तिथे ती जास्त वेळ थांबली. आईला त्या दिवशी कळलं असणार, पण ती माझ्याकडेच बघून म्हणाली, "तुझी परीक्षा आहे ना? जा, अभ्यासाला बस."

माझी परीक्षा सुरू झाली. केमिस्ट्रीच्या आदल्या दिवशी रविवार होता. सकाळी ताईने टाकी हॉलमध्ये टीपॉयवर ठेवून काठोकाठ भरली, खाली कोरडं वर्तमानपत्र घातलं. कुठे ओल दिसली की कळावं म्हणून. आणि दारात भावोजी उभे राहिले, त्यांच्याबरोबर त्यांचे काका.

आईची धांदल उडाली. पोहे, चहा. बाबांनी शर्ट चढवला. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसले, दार अर्धं लोटलेलं. पुस्तकातलं एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.

काकांनी आधी उन्हाळ्याबद्दल बोलून घेतलं. मग घसा साफ केला. "हे बघा, झालं गेलं विसरायचं. पोरीची जात, चार दिवस माहेरी राहिली, हरकत नाही. पण पाडव्याच्या आत सून घरात यावी, असं आमच्या वहिनींचं, हिच्या सासूबाईंचं, म्हणणं आहे."

"हो, तेच बरं," आई घाईने म्हणाली.

बाबा टाकीकडे बघत होते. म्हणून त्यांनाच आधी दिसलं. वर्तमानपत्राचा एक कोपरा काळा पडत होता. ते बोलायच्या आत टीपॉयच्या पायावरून धार निघाली आणि काकांच्या मोज्यापर्यंत पोचली. काकांनी पाय वर घेतले.

"पाणी येतंय हो!"

ताई उठली, आतून फडकं, बादली आणि टॉर्च घेऊन आली आणि टीपॉयखाली गुडघ्यांवर बसली. भावोजीही उठले. पँट वर ओढून तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि तिच्या हातातलं फडकं घेत म्हणाले, "ठेव, मी करतो."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आज मला हे खात्रीने वाटतं. बायकोला मदत करायला निघालेला तो एक सरळ माणूस होता, आणि घरात लहानपणापासून ऐकलेलं वाक्य त्याच्या तोंडून आपसूक आलं. पण ताईचा चेहरा मी दारातून बघितला. तिने फडकं त्यांच्या हातातून परत घेतलं.

"नको. तुम्ही बादली धरा."

त्यांनी बादली धरली. ताईने टॉर्च मारून सांध्यावरून बोट फिरवायला सुरुवात केली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. थेंब बादलीत पडत होते.

"सापडलं," ती म्हणाली. "इथे बुडबुडा राहिलाय." आणि बोट तिथेच दाबून धरून, मान वर न करता, म्हणाली, "मी येणार नाही."

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

भावोजीच म्हणाले, हळू आवाजात, "येणार नाही म्हणतेय."

आईने तोंडाला पदर लावला. बाबा खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले. आणि टाकी तर रिकामी करायलाच हवी होती, नाहीतर घरभर पाणी झालं असतं. म्हणून त्या दोघांनी ती रिकामी केली. ताई मगाने पाणी काढायची, भावोजी बादली मोरीत ओतून परत यायचे. बराच वेळ लागला. तीन वर्षांत त्या दोघांनी मिळून केलेलं ते बहुधा एकमेव काम, आणि ते करताना एकमेकांच्या हाताला हात लागणार नाही याची दोघंही काळजी घेत होते.

काका आधीच फाटकाशी पोचले होते. भावोजी दाराशी थांबले. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. म्हणाले, "पूर्ण कोरडी झाल्यावरच लाव ते. ओल्यावर धरणार नाही."

"हो," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी केमिस्ट्रीचा पेपर लिहिला. काय लिहिलं देव जाणे. हाताला सिलिकॉनचा वास येत होता एवढं आठवतं. घरी आई बोलत नव्हती, कुणाशीच. भांडी आपटत होती. एकदा मात्र भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कशाला शिकवलं एवढं," आणि बाबा तिथून उठून फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी ना कुणी सतत चालत असायचं.

ताईने सांधा कोरडा केला, ब्लेडने जुनं सिलिकॉन खरवडलं, नवं भरलं. पुन्हा वाट बघणं. पुन्हा पाणी. या वेळी कागद कोरडा राहिला.

आणि एका संध्याकाळी बाबा कामावरून आले ते कपडे न बदलता टेप घेऊन खिडकीजवळचा कोपरा मोजायला लागले. आम्ही तिघी बघत राहिलो. आठवड्याभराने हातगाडीवरून एक लोखंडी स्टँड आला. अँगलचा, राखाडी रंग दिलेला, चांगला दणकट.

"टीपॉयवर भरलेली टाकी राहायची नाही," बाबा म्हणाले. "पाण्याला वजन असतं."

आईने स्टँडला हात लावून बघितला. "केवढा जड आहे. आता हा इथून हलायचा नाही."

"नाही हलायचा," बाबा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

ताईच्या जाण्या-राहण्याबद्दल ते एवढंच बोलले. आयुष्यभरात एवढंच.

मासे पाडव्यानंतर आले. थोडे गप्पी आणि मॉलीची एक काळी जोडी. हवेचा छोटा पंप दिवसभर गुरगुरायचा आणि वीज गेली की बंद पडायचा. मग ताई टाकीत हात घालून पाणी हलवत उभी राहायची. पहिल्या पंधरवड्यात दोन गप्पी मेले. ताईने ते जाळीने काढले, पाणी थोडं बदललं, पुन्हा बघत बसली.

मे महिन्यात एका दुपारी आईची हाक आली. "सुलभा! अगं धाव, ही मेली स्वतःची पिल्लं खातेय!" मॉली व्याली होती. ताई मोरीतून येईपर्यंत आईने चहाची गाळणी घेतली होती आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला होता. एकेक पिल्लू उचलून ती लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत सोडत होती आणि त्या मासोळीला शिव्या देत होती. "अशी कशी गं तू? अशी कशी?" ताई तिच्या शेजारी उभी राहून बरणी धरत होती. त्या दोघी महिन्याभराने बोलत होत्या, म्हणजे माशाशी का होईना.

पुढे जे झालं ते एका दमात सांगता येतं, जगताना मात्र वर्षं लागली. माझा निकाल बरा लागला. ताईने गावातल्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये अर्ज केला, स्वतःहून, बाबांची ओळख न सांगता, आणि तिला नोकरी लागली. काडीमोडाच्या कागदांवर सह्या व्हायला खूप काळ गेला. भावोजींनी दुसरं लग्न केलं. ताईने मंगळसूत्र केव्हा काढून ठेवलं ते कुणी विचारलं नाही. नव्वदीच्या मध्यावर बदलापूरला शिरगावात नवीन इमारती उभ्या राहत होत्या, भातखाचरांच्या बांधाला लागून. ताईने कर्ज काढून तिथे एक छोटी जागा घेतली. मी तोवर सासरी होते.

सामान हलवायच्या दिवशी मी आले. दारात टेम्पो लागला होता. टाकीतलं पाणी ताईने आदल्या दिवशीच उतरवलं होतं. मासे झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात होते. बाबा टेम्पोवाल्याला रिकामी टाकी कशी धरायची ते दाखवत होते. ताई चपला घालत होती.

"थांब," आई म्हणाली.

ती आतून ताट घेऊन आली. तांदूळ, नारळ, सुपारी, खण. शेजारी हळदकुंकवाची कुयरी. मी ताईकडे बघितलं. सासरी जाणाऱ्या लेकीची ओटी भरतात. नवरा सोडलेल्या, एकटीच्या घरी निघालेल्या लेकीची भरतात का? आमच्या घराण्यात तसा प्रसंगच आला नव्हता.

ताईनेच विचारलं, "आई, चालतं का गं असं?"

"मला कुठे ठाऊक," आई म्हणाली. "पदर धर."

ताईने पदर पसरला. आईने ओंजळीने तांदूळ घातले, मग नारळ ठेवला, मग खण. तिच्या हातातून थोडे दाणे जमिनीवर सांडले. तिने ते वाकून एकेक करून उचलले आणि तेही पदरात टाकले.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. ताईने पदराला गाठ मारली आणि म्हणाली, "आले हो."